शांताबाईचं कडवं

कॉव्हेंट्रीतल्या हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटांची उठबस केलेली शशी पाटोळे रिटायर झाली, तशी पूर्णवेळ पेटीला लागली. महिन्यातून दोनदा एका इंग्रज चर्चचा हॉल मागून मराठी उपासना भरते. तिथं पेटी शशीची, निम्मी गाणीही तिचीच.

त्यातलं लोकांच्या तोंडी बसलेलं म्हणजे ‘रिती घागर घेऊन आले, ख्रिस्ता, तुझ्या विहिरीला’. पाच कडव्यांचं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची आपल्याकडची रीत. शशीनं स्वतःचं न घालता आईचं घातलं: ‘शांता म्हणे, वरून ओत, दोर नाही माझ्या हाती.’ संगमनेरकडच्या त्यांच्या गावात शांताबाईला विहिरीच्या दोराला शिवायची बंदी होती. कुणी ओतेपर्यंत लांब बसायचं. बाप्तिस्मा झाला, तरी दोर काही हाती आला नाही.

उदयला शशीनंच संडे स्कूलमध्ये शिकवलं. तो इथंच जन्मला, आता इंग्रजी उपासनेत गिटार घेऊन पुढं उभा असतो. एक दिवस म्हणाला, “मावशी, हे गाणा इंग्लिशमध्ये करू. जॉइंट सर्व्हिसला अख्खा चर्च गाणार.”

“आईचं कडवं ठेवशील ना?”

“ऑफ कोर्स. प्रॉमिस.”

तिनं वही दिली.

जॉइंट सर्व्हिसच्या रविवारी तिनं धाकट्या बहिणीला संगमनेरात व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पेटीवर टेकवला. समोर चर्चच्या मोठ्या पडद्यावर गाण्याचे इंग्रजी शब्द उमटले, त्यात घागरीचा महासागर झालेला दिसला. चालायचंच, म्हणून ती वाजवत राहिली. चार कडवी झाली. पाचव्यासाठी तिनं भाता ओढला, तोच ड्रम धडाडले, गाणं संपलं, टाळ्या. पडद्याच्या तळाशी एकच नाव: उदयचं.

“ताई, आईचं कुठंय?” फोनमधून बहीण विचारत होती.

चहाच्या टेबलाशी तिनं त्याला गाठलं. “कडवं काय झालं रं?”

“ते खूप सॅड होता, मावशी. लोकांना विहिरीचं सगळं एक्सप्लेन करायला लागला असता. एंडिंगला एनर्जी पायजे.”

“मला इचारायचं तरी. आन् नाव?”

“इट्स वर्शिप, मावशी. आपण नावासाठी गातो का?”

“मग तुपलं कशाला लिव्हलं?”

“यू आर सो फनी!” तो खळखळून हसला आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढं केली.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. ख्रिसमसला नवं काही आहे का, सगळे विचारतायत. शशीच्या टेबलावर नवं गाणं लिहून पुरं झालेलं होतं. या खेपेला शांताबाईचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

“न्हाई रे बाळा,” शशी म्हणाली. “काहीच सुचंना झालंय.”

उदयशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली.