उन्हातले बेदाणे

मी चौथीत असताना आमच्या शाळेत शिकणं कमी व्हायचं आणि फोटो जास्त निघायचे. सर सांगलीहून मोटरसायकलवर यायचे आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी खिशातला मोबाईल काढायचे. परिपाठ झाला की फोटो, खिचडी वाढली की फोटो. हात धुण्याचा उपक्रम ज्या दिवशी होता, त्या दिवशी टाकीत पाणीच नव्हतं. पण ग्रुपवर फोटो तर गेलाच पाहिजे. मग आम्ही ओळीनं कोरड्या नळाखाली हात धरून साबण चोळल्यासारखं करत उभे राहिलो आणि सरांनी तीन बाजूंनी फोटो काढले. वरच्या साहेबांनी लगेच अंगठा पाठवला. आता मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथंही प्रयोग न करता वहीत आकडे लिहायची पद्धत आहे आणि तिचं मला काडीचंही नवल वाटलं नाही. हे बाळकडू मी तासगावकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेतच प्यायले होते.

दर महिन्याला एक मोठा उपक्रम असायचा. एकदा 'टाकाऊपासून टिकाऊ' होता. त्यासाठी प्रत्येकानं घरातली वाटीभर चांगली तूरडाळ आणायची आणि ती पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून मोर करायचा. त्यात टाकाऊ काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. टिकाऊपणाचं म्हणाल, तर व्हरांड्यात लावलेला मोर दुसऱ्या दिवशी एका शेळीनं मानेपर्यंत खाल्ला. फोटो आदल्या दिवशीच निघालेला असल्यामुळं सरांना त्याचं काही वाटलं नाही.

महिना संपला की 'मनोगत' व्हायचं. एका मुलानं माईकसमोर उभं राहून 'या महिन्यात मी काय शिकलो' ते सांगायचं. ते सर लिहून द्यायचे आणि मुलानं पाठ करायचं. माझा आवाज मोठा आणि पाठांतर चांगलं, म्हणून बहुतेक वेळा मीच. मला त्याची लय ऐट होती. सरांना मी मनातल्या मनात नावं ठेवायची, पण माईक दुसऱ्या कुणाच्या हातात गेला की माझ्या पोटात दुखायचं.

फेब्रुवारीत सरांनी नवा उपक्रम काढला, 'द्राक्षापासून बेदाणा'. आमच्या गावात हे शिकवायला निघणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यासारखं होतं. एक घर सोडून एकाची द्राक्षबाग, आणि ज्यांची बाग नाही त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी बेदाण्याच्या शेडवर कामाला. माझी आई माझ्या जन्माच्या आधीपासून शेडवर जात होती. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून पोटॅशच्या द्रावणात बुडवायची, जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडायची, मग बसून निवडायची. बेदाणा तयार झाला की नाही, हे ती दोन बोटांत दाबून सांगायची. शेडचा मालकसुद्धा तिलाच विचारायचा.

सरांनी आम्हा चौथीच्या बारा पोरांना प्रत्येकी एक घड आणायला सांगितलं. व्हरांड्याबाहेर भर उन्हात वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर द्राक्षं सुटी करून पसरायला लावली. सगळ्यांना दिसत होतं की हे चुकीचं आहे. जगात कुठं उन्हात वाळवत असतीलही, पण आमच्याकडं बेदाणा सावलीत होतो. एकजण तोंड उघडेल तर शपथ. ज्यांच्या स्वतःच्या शेडी होत्या, ती पोरंही मुकाट्यानं द्राक्षं पसरत होती. शेवटी मीच म्हणाले, "सर, आमच्यात सावलीत वाळवत्यात."

"पुस्तकात काय लिहिलंय? मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पुस्तकात उन्हाच्या उष्णतेनं पदार्थातलं पाणी निघून जातं असं होतं.

"मग? पुस्तक खोटं का तू खोटी?"

"माझी आई शेडवर असती, सर. ती म्हणती..."

"तुझी आई शिकवते का इथं?"

सगळी पोरं हसली. सावलीतच वाळवतात हे माहीत असलेली अकराच्या अकरा पोरं हसली. त्यांच्याविषयी मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं, आणि ते फार चांगलं नाही.

संध्याकाळी आई घरी आल्या आल्या मी तिला विचारलं. ती परातीत पीठ मळत होती.

"उन्हात? कोण म्हणतंय?"

"सर."

"आगं, उन्हात टाकलं की काळं पडतंय. म्हणून तर शेडला हिरवी जाळी बांधत्यात. वाऱ्यानं वाळतंय ते, उन्हानं न्हवं. द्रावणात बुडवायचं, पसरायचं आन् पंधरा दिस हात लावायचा न्हाई. सरांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

सरांची बाजू घेऊनच ती बोलली, याचा मला राग आला. मी म्हणाले, "आये, ह्या येळच्या मनोगतात मी तूच सांगितल्यालं सांगणार हाय. माझी आई बेदाणा कसा करती ते."

तिचा हात पिठात तसाच राहिला. "मायकात?"

"व्हय, मायकात."

ती हसली आणि परत मळायला लागली. पण दुसऱ्या दिवशी तिनं शेडच्या मालकाला विचारून मनोगताच्या दिवसाची दुपारची सुट्टी पक्की केली. लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी ट्रंकेतून काढून उशाखाली घडी करून ठेवली. शाळेत कधी पालकसभेलाही न येणारी बाई, फक्त ते एक वाक्य ऐकायला येणार होती.

इकडं व्हरांड्याबाहेरच्या द्राक्षांचं जे व्हायचं तेच झालं. चार दिवसांत ती तपकिरी पडली, खालच्या बाजूनं कागदाला चिकटली, मुंग्या लागल्या आणि गांधीलमाश्यांमुळं व्हरांड्यात बसायची चोरी झाली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता सर काय करतात ते बघायचं होतं. सरांनी सगळं वर्तमानपत्रासकट गुंडाळून उकिरड्यावर टाकलं आणि बाजारातून अर्धा किलो हिरवागार बेदाणा आणला. तो स्टीलच्या ताटात ओतला आणि पुढं चिठ्ठी लावली, 'विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेले बेदाणे'. तो बेदाणा आसपासच्याच कुठल्या तरी शेडच्या सावलीत वाळलेला होता. कदाचित आईच्याच हाताखालून गेलेला असेल.

मग सरांनी मला मनोगताचा कागद दिला. त्यात लिहिलं होतं, 'आम्ही द्राक्षे उन्हात वाळवून बेदाणे तयार केले. स्वतः कृती करून शिकण्याचा आनंद आम्हाला मिळाला.'

"सर, पण ते सावलीत..."

"परत तेच? साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढं शेडवरच्या बायकांच्या गप्पा सांगणार का तू? जमत नसेल तर दुसरीला देतो."

दुसरी म्हणजे माझ्या शेजारी बसायची ती. तिनं लगेच हात पुढं केला. मी कागद छातीशी धरला आणि म्हणाले, "जमतंय, सर."

'शेडवरच्या बायका' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. तोवर आई मला आई वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला शेडवरची बाई वाटली, आणि मला तिची लाज वाटली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. सरांना फाडून खायला मी नेहमीच तयार असते. त्या दिवशी सरांनी फक्त बोट दाखवलं होतं, तिकडं बघितलं मी.

कार्यक्रमाच्या दिवशी आई अर्धा तास आधी येऊन शेवटच्या सतरंजीवर बसली होती. डोक्यावर पदर, हात पदराखाली. द्रावणानं बोटं तडकलेली असायची म्हणून चारचौघांत ती हात तसेच ठेवायची. साहेब आले, नारळ फुटला, फोटो निघाले. मग मी माईकसमोर गेले. आईनं मान उंच केली.

मी सगळा कागद एका दमात म्हटला. एक शब्द चुकला नाही. आईचं वाक्यही मला पाठ होतं, ते मी म्हटलं नाही.

साहेब खूष झाले. त्यांनी ताटातला एक बेदाणा तोंडात टाकला आणि विचारलं, "वा! किती दिवस ठेवले होते उन्हात?"

"आठ दिवस, सर," मी म्हणाले.

हे कागदावर नव्हतं. हे माझं स्वतःचं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनंही पदराखालचे हात काढून वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती ताटाजवळ गेली. आजूबाजूला बघून तिनं एक बेदाणा उचलला, दोन बोटांत दाबला, उजेडाकडं धरला आणि खाल्ला. मी लांबूनच बघत होते. आता ती ओळखणार आणि मला झापणार, असं मला वाटलं. खरं तर तिनं झापावं अशी माझी इच्छाही होती.

घराच्या वाटेनं ती माझ्या पुढं चालत होती. ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "एक नंबर झालाय गं. हिरवागार. आन् आठच दिसात?"

"व्हय."

"आमाला पंधरा लागत्यात. द्रावण कंचं घातलं?"

"न्हाई घातलं."

"आसं पुस्तकात लिवलंय?"

"व्हय."

"मग बरूबरच आसंल," ती म्हणाली. आपलं वाक्य मी का म्हटलं नाही, ते तिनं विचारलं नाही. तिच्या हिशेबी ते वाक्यच चुकीचं ठरलं होतं.

तीन-चार दिवसांनी शाळेतून आले तर घराच्या पत्र्याला शिडी लावलेली. आईनं शेडवर उरलेले घड मागून आणले होते, सुटे करून परातीत पसरले होते आणि परात पत्र्यावर भर उन्हात ठेवली होती. वर जुन्या साडीचा तुकडा. द्रावण नाही, जाळी नाही. जेवढं मी माईकवर सांगितलं तेवढंच तिनं केलं होतं. रोज कामावर जायच्या आधी ती शिडी चढून द्राक्षं हलवायची.

"शेडवर सांगणार हाय बायांना," ती म्हणाली. "निम्म्या दिसात काम हुतंय म्हनावं."

मी एक वाक्य बोलले असते तर ती थांबली असती. आठ दिवस मी ते बोलले नाही. 'ते विकतचे होते' म्हटलं असतं तर 'मग तू तसं का सांगितलंस' हे आलंच असतं. रोज शाळेला जाताना मी पत्र्याकडं बघायचं टाळत होते. शेडवरच्या बायकांना तिनं तोवर सांगितलं असेल का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी तिनं परात खाली घेतली. मी दप्तर पाठीला लावून दारात उभी होते. द्राक्षं काळीठिक्कर पडली होती, एकमेकांना चिकटली होती, कडेनं मुंग्या फिरत होत्या. तिनं त्यातलं एक उचललं, दोन बोटांत दाबलं आणि बोटाला लागलेला चिकट रस बघत राहिली. वीस वर्षं बेदाणा दाबून बघणारी ती बोटं.

"तुमचं हिरवं झालं," ती म्हणाली, "मग माझं काळं कसं पडलं?"

तिनं परात उंबऱ्यावर ठेवली आणि हात पदराला पुसले.

"माझ्याच हातात काय तरी कमी हाय, दुसरं काय. आज सरांना इचार बरं, माझं कुठं चुकलं ते."

"इचारते," मी म्हणाले आणि शाळेला गेले.