राणीचं वाक्य, सुलाबाईचं तोंड

राजवर्धन सरांच्या ऑफिसात एक रीत होती: आधी वाक्य, मग माणूस. सांगलीतली ही जनसंपर्काची एजन्सी. कुणी हॉस्पिटल काढलं, कुणी शाळेला बाकं दिली, की त्याची बातमी लिहून पेपरांना धाडायची, हा तिचा धंदा. त्या बातमीत लाभार्थी काय म्हणाला, ते ऑफिसातच चहा पिता पिता ठरायचं. फोटोपुरता माणूस मागाहून शोधायचा. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा. पेपरवाले प्रेसनोट म्हणतात आणि जशीच्या तशी छापतात.

राणी तिथं इंटर्न. जतकडच्या मेंढपाळांच्या वाडीतली पोर. घरातले सगळे मेंढरांमागं गेलेले, ही पहिलीच खुर्चीत बसलेली. पण लिहायची अशी की सर तिचा मजकूर न वाचताच पाठवायचे. पवनचक्क्यांच्या एका कंपनीनं तिच्याच वाडीला पाण्याची टाकी दिली, तेव्हा राणीनं एका मेंढपाळ बाईच्या नावावर लिहिलं, "आता आमच्या घागरी भरून वाहतात." पाणी सुरू झालंय असं सरांनी सांगितलं होतं. आपल्या वाडीला पाणी आलं म्हटल्यावर शंका काढत कोण बसेल हो! वाक्य पेपरांत झळकलं. कंपनीचे साहेब असे खूश झाले की म्हणाले, पत्रकार परिषदेला त्या बाईलाच आणा, तिच्याच तोंडून ऐकू.

आता आली का पंचाईत! बाई होतीच कुठं?

"तुझ्या वाडीतली आण की कुणीतरी," सर म्हणाले. "एवढं जमव, पुढच्या महिन्यापासून तू कायम."

राणीनं सरांना आपल्या आत्याचं, सुलाबाईचं, नाव सांगितलं आणि ती वाडीला गेली. आई गेल्यावर सुलाबाईनंच तिला वाढवलं होतं, आणि सगळ्या वाडीशी भांडून कॉलेजात घातलं होतं. वाडीत शिरताच टाकी दिसली. निळीशार, कंपनीचं नाव रंगवलेलं. राणीनं तोटी फिरवली तर नुसती फुस्स! उद्घाटनाला टँकरनं भरली होती, तेवढीच. पाइप कुणी जोडलाच नव्हता.

तिनं तिथूनच फोन लावला. "सर, टाकीत पाणी नाही."

"टाकी आहे ना? मग झालं. पाणी पुढच्या टप्प्यात."

वा रे टप्पा! राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घरी जाऊन आत्याला सगळं सांगितलं आणि "तू येऊ नगंस," असं बजावलं. पण सुलाबाईच्या कानात शिरलं होतं ते एवढंच, की पोरीची नोकरी कायम होणार.

"आगं, दोन सबूद बोलाया माजं काय जातंय? पान्याबिगर जलम काडला, आनि थोडं दीस काडू. तुजी नोकरी पक्की हुतीय न्हवं?"

राणीनं हात जोडले, भांडली, रुसली. ऐकेल तर ती सुलाबाई कसली! मेंढरं राखता राखता तिनं वाक्य पाठ करून टाकलं. आणि सरांनी राणीला न विचारता गाडी पाठवून तिला सांगलीला आणलं.

हॉटेलच्या हॉलमध्ये पत्रकार जमले, साहेब आले. सुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी राहिली. कुणीतरी हातात माईक दिला. तिनं राणीकडं बघितलं, हसली आणि सुरू केलं, "आता आमच्या घागरी..."

राणीच्या मनात आलं, उभ्या जन्मात कुणापुढं मान न तुकवलेली ही बाई, आपल्यासाठी, आपलंच खोटं भरल्या सभेत बोलायला उभी राहिलीय. छे! असली नोकरी गेली चुलीत!

ती तरातरा पुढं गेली आणि तिनं माईक घेतला. "थांब आत्ती. हे वाक्य हिचं नाही, माझं आहे. मी इथं सांगलीत पंख्याखाली बसून लिहिलंय. वाडीतल्या टाकीला पाइपच नाही. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं आत्ता गाडीत बसावं, मी तोटी फिरवून दाखवते."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सर ओरडले, "राणी! उद्यापासून ऑफिसात यायचं नाही!"

"उद्याचं कशाला? हे काय, आत्ताच सोडलं. पण आत्तीचं बोलणं होऊ द्या. तुम्हीच बोलावलंय तिला."

सुलाबाईचा चेहरा रागानं लाल. "आगं बये, घालीवलीस की नोकरी! आनि म्या येवडं पाठ केलं हुतं!"

"तुज्या तोंडात माजं खोटं घालून मिळनारी नोकरी मला नगं."

सुलाबाईनं पदरानं डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या एका पत्रकारानं विचारलं, "मावशी, मग तुमचं म्हणणं काय आहे?"

तिनं राणीकडं बघितलं. "ह्येचं कायतरी लिवलंयस का?"

"न्हाई आत्ती. आता तुजं तूच बोल."

तिकडं साहेब पाणी पिऊन हळूच उठायच्या बेतात होते. सुलाबाईनं पदर खोचला, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"आवं सायेब, बसा खाली," ती म्हणाली. "लय सांगायचं हाय."