दाराजवळची खुर्ची

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अबूधाबीहून रुवैस या वाळवंटातल्या तेलनगरीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी एक कॅनेडियन बाई होत्या. बाहेर नुसती भट्टी, आणि बाईंच्या गळ्यात लोकरी मफलर! "तुमच्या एसीचा भरवसा नाही," म्हणाल्या.

कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे सगळे इंग्रजीच बोलतात, तिथे त्या फ्रेंच मंडळ चालवायच्या. मी रुवैसच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. लगेच रडगाणं सुरू केलं, की पोरं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात.

बाईंनी मफलरचं टोक झटकलं. "भाषणं देत असाल. बंद करा! आमच्या हॉलमध्ये हीटर एकच. इंग्रजी शब्द काढला की उठून दाराजवळ बसायचं. बाहेर उणे चाळीस असलं की फ्रेंच पटापट येतं."

पुढच्याच शुक्रवारी मी मंडळात जाहीर केलं, इंग्रजी बोलेल तो एसीपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत. पोरांनी पटापट एसीजवळच्या खुर्च्या पकडल्या! मी खूश होऊन म्हणालो, "ओके, एव्हरीबडी रेडी?"

घरात मराठीचा एक शब्द न काढणारी माझी मुलगी ताडकन उभी राहिली.

"बाबा, उठा! दाराजवळ बसा!"

तासभर घाम पुसत बसलो. इतक्या आनंदाने मी कधीच घामाघूम झालो नव्हतो.