साडूभाऊंचा कॉलम

इमारती बांधणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण न बांधलेल्या इमारतीत अख्खा उन्हाळा काढलेला माणूस एकच, आणि ते माझ्या नशिबाने माझे थोरले साडू आहेत. नुसते राहिले नाहीत, तर त्या इमारतीच्या भिंतीतून आरपार गेल्याबद्दल त्यांनी माझ्यासारख्या पेन्शनीला टेकलेल्या मास्तरचा चारचौघांत उद्धार केला. भिंत मुळात नव्हतीच, हा माझा मुद्दा त्यांनी ऐकूनही घेतला नाही.

गडचांदूरला सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साडूभाऊंचा प्लॉट आहे. मागच्या कोपऱ्यात तेव्हा टिनाचं शेड होतं आणि त्या शेडात बाईंची खानावळ. बाई म्हणजे साडूभाऊंची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. ट्रक-ड्रायव्हरांपासून माझ्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात. वरून टिन तापलेलं, समोर भट्टी पेटलेली, आणि मध्ये बाई उभ्या राहून पोळ्या लाटतायत, हे दृश्य मी माझ्या लग्नापासून बघत आलो होतो. पुढची सगळी जागा मोकळी होती. तिथे व्यापारी संकुल बांधायचं, खाली दुकानं, वर ऑफिसं, आणि पहिल्याच गाळ्यात बाईंचं बिनधुराचं स्वैपाकघर, असं साडूभाऊंनी ठरवलं. बाईंनी ते मागितलं नव्हतं. त्या एकदा डोळे पुसता पुसता एवढंच म्हणाल्या होत्या, "धूर नसन तर सैपाक कसा लागते, थे एकदा पाह्याचं हाय मले."

सगळ्या रोगाचं मूळ एक ठेकेदार. तो चहाला आला आणि कार्पेट, बिल्ट-अप, प्लिंथ, लिंटेल असे शब्द एका दमात ओतून निघून गेला. साडूभाऊंनी लगेच मला चंद्रपूरला फोन लावला. "मास्तर, आज मी मुंडी लय हालवली. पोळ्याच्या बैलावानी. पन समजलं काईच नाई. आता समजल्याबिगर हे मुंडी हालत नाई माही." त्या दिवशी त्यांनी नियम केला की बांधकामातला जो शब्द तोंडातून निघेल तो जमिनीवर दिसला पाहिजे, नाही दिसला तर बोलणारा खोटारडा. ठेकेदार या नियमापुढे टिकला नाही. टिकला तो चंद्रपूरचा एक तरुण इंजिनिअर, कारण त्याला दुसरं काम नव्हतं. त्याने समजावलं, कार्पेट एरिया म्हणजे भिंतींच्या आत सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा. साडूभाऊ उठले आणि मंडपवाल्याकडून लाल-निळ्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी विकत घेऊन आले. मग इंजिनिअरने सांगितलं, भिंतींची जाडी धरली की बिल्ट-अप, आणि सगळ्यांच्या जिन्या-पॅसेजमधला वाटा धरला की सुपर बिल्ट-अप.

"म्हंजे दुसऱ्याच्या जिन्यावर माही सतरंजी?"

"हो, एका अर्थी."

"आन् त्याची माह्या?"

"तीही."

"मंग मानूस झोपते कुठी?" साडूभाऊंनी विचारलं. इंजिनिअर अजून त्यावर विचार करतो आहे.

त्या सतरंजीने माझाही निकाल लावला. मी चंद्रपूरला फ्लॅट बघत होतो, तर साडूभाऊ वळकटी काखेत मारून एसटीने हजर. बिल्डरच्या माणसाने बेडरूमचं माप सांगताच त्यांनी टेप काढला, सतरंजीची बरोबर त्या मापाची घडी घातली आणि खोलीत अंथरली. सतरंजीची एक कड भिंतीवर चढून बसली. "भाऊ, तुमची भित माह्या सतरंजीवर येऊन राह्यली जी," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले. माझी बायको बाल्कनीत जाऊन देखावा बघू लागली. समोर दुसऱ्या इमारतीचा काळं पाणी गळणारा पाइप होता, पण तिने तो मन लावून पाहिला. तो फ्लॅट काही आम्हाला मिळाला नाही.

इंजिनिअरने नकाशा आणून दिला, तेव्हा साडूभाऊंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि "कागदावर मानूस उभा रायते का?" म्हणून परत केला. कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की पोत्यांनी आणली आणि सगळा तळमजला प्लॉटवर खऱ्या मापाने आखून घेतला. भिंती म्हणजे दोन पांढऱ्या रेघा, दार म्हणजे दोन विटा, कॉलम म्हणजे फक्कीने भरलेला चौकोन. रोज सकाळी ते गाळा नंबर तीनमध्ये खुर्ची टाकून चहा पीत. भेटायला येणाऱ्याने रस्त्यावरून प्रवेशद्वारातून यायचं, पॅसेजमधून वळायचं, मग गाळ्याच्या दारातून आत. मी पहिल्यांदा गेलो तो सरळ रेघ ओलांडून, आणि वर सांगितलेला उद्धार झाला तो तेव्हा. शेजारणीच्या शेळ्या दिवसभर भिंतींतून ये-जा करत. "तुह्या बकऱ्या माह्या भितीतून जाऊन राह्यल्या," असं त्यांनी तिला सुनावलं, तर ती म्हणाली, "मंग बांधा ना भाऊ भित, कोनं अडवलं?" एकदा एका परप्रांती ड्रायव्हरने संडास कुठे म्हणून विचारलं. साडूभाऊंनी अभिमानाने जिन्याखालचा चौकोन दाखवला. ड्रायव्हर भोळा होता. दुसऱ्या दिवशी त्या चौकोनात 'प्रस्तावित' अशी पाटी लागली.

शब्दांच्या बाबतीत ते फारच कडक झाले. मी बोलता बोलता एका चौकोनाला खांब म्हणालो, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर, खांब मांडवाले रायते. हा कॉलम हाय. याच्यावर बीम बसते, बीमवर स्लॅब. ज्याच्यावर काईच बसत नाई, त्याले कॉलम म्हनाचं नाई." पोरांना मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, पण इतकी नेटकी व्याख्या मला एकाही शब्दाची करता आली नाही. त्यांचा नवा जावई घरी आला तेव्हा त्याला बाजारात पाठवायचं कोणी काढलं, तर साडूभाऊंनी हात आडवा केला: "क्युरिंग चालू हाय त्याची. पानी मारून पक्का होऊ द्या, आताच भार टाकू नका."

बाईंना हा सगळा पोरखेळ वाटे. "फक्कीत रायतात का मानसं?" म्हणत त्या शेडातूनच टोमणे मारत. पण एका दुपारी गिऱ्हाईक उरकल्यावर त्या पदराने तोंड पुसत आल्या, चप्पल बाहेर काढून विटांमधून आत शिरल्या आणि आपल्या होणाऱ्या स्वैपाकघरात उभ्या राहिल्या. इथे ओटा, इथे भट्टी, इथे पाणी, असं पुटपुटत त्यांनी रिकाम्या हवेत पोळी लाटायला सुरुवात केली. आम्ही हसत होतो. साडूभाऊ हसत नव्हते. ते वाकून बाईंचा हात बघत होते. लाटताना बाईंचं कोपर दरवेळी मागे येई आणि पांढऱ्या रेघेच्या पलीकडे जाई. "कोपर भितीत जाऊन राह्यलं," ते म्हणाले, आणि इंजिनिअरला तिथल्या तिथे भिंत हातभर सरकवायला लावली. शेजारचा गाळा आकसतो, असं तो म्हणाला. "आकसू दे," साडूभाऊ म्हणाले.

आणि मग बँक आली. गडचांदूरमध्ये ज्याच्याजवळ रस्त्याला लागून प्लॉट आहे तो प्रत्येक माणूस देवाजवळ एकच मागतो, भाडेकरू म्हणून बँक मिळू दे. बँकेचे साहेब बूट चमकवत आले, साडूभाऊंच्या विनंतीप्रमाणे दारांतून फिरले आणि खूश झाले. त्यांना अख्खा तळमजला हवा होता, पण सलग हॉल म्हणून. बाईंच्या स्वैपाकघरात उभं राहून त्यांनी बुटाने रेघ दाखवली. "ही भिंत काढली की आमचं काम झालं." मागे शेडात बाई भट्टीवर होत्या, आवाज तिथपर्यंत जात नव्हता. इंजिनिअर म्हणाला, "ही नुसती आडभिंत आहे, निघेल." मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांना बँक किती हवी होती ते मला माहीत होतं; वरचा मजला बांधायचा तर बँकेवाचून गत नव्हती. त्यांनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं. मग पाय पुढे टाकला आणि चप्पल जमिनीवर आपटली.

"निघत नाई. इथी कॉलम येऊन राह्यला."

इंजिनिअरने तोंड उघडलं. साडूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. मध्ये कॉलम असेल तर हॉल कसा होणार, म्हणून साहेबांनी मान हलवली, चहा घेतला आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या संकुलात बँक थाटली.

मला वाटलं, विषय संपला. पण नियम म्हणजे नियम. साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी इंजिनिअरला, त्यांची चप्पल आपटली होती बरोबर तिथे, एक कॉलम उभा करायला सांगितला. "भाऊ, त्यावर काहीच येत नाही," तो बिचारा कळवळून म्हणाला. "मले मालूम हाय," साडूभाऊ म्हणाले. "पन माह्या तोंडातून निघाला ना? आता थो दिसला पायजे." चप्पल आपटली होती ती भिंतीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे कॉलम आला तोही स्वैपाकघराच्या आत.

आता इमारत उभी आहे. एकाच मजल्याची, वरच्या मजल्याच्या सळ्या आकाशाकडे बघत गंजतायत. बाईंच्या स्वैपाकघरात धूर नाही, वर मोठा पंखा घरघरतो आणि ड्रायव्हर पूर्वीसारखेच रांगेत बसतात. परवा गेलो तेव्हा बाई पोळ्या लाटत होत्या आणि दर चार पोळ्यांमागे एकदा त्यांचं कोपर त्या कॉलमला लागत होतं.

"कोन्या मेल्यानं हा खांब इथी गाडला, मास्तर!" त्या मला म्हणाल्या. "याच्यापायीच बँक गेली. त्या इंजिनिअरले अक्कल हाय का?"

"नाईच हाय," माझ्या शेजारी गल्ल्यावर बसलेले साडूभाऊ म्हणाले. "पोरगं नवं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघू लागले. मी सांगणारच होतो, बाई, तो काही वर उचलून धरत नाही हो, तो तुमच्यासाठी उभा आहे. पण साडूभाऊंनी गल्ल्याखालून माझ्या पायावर पाय दिला. खांब हा शब्द त्यांनी नीट ऐकला होता. दुरुस्त मात्र केला नाही.

मग मला दिसलं. कॉलमला, बरोबर बाईंच्या कोपराच्या उंचीवर, लाल-निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीचा एक कापलेला तुकडा सुतळीने घट्ट बांधलेला होता. बाईंचं कोपर पुन्हा मागे आलं, त्या तुकड्यावर टेकलं आणि पुढे गेलं. बाई इंजिनिअरला शिव्या देत लाटतच राहिल्या.