यादी रिकामी, तरी बोका हजर

माझी आत्या प्रोग्राम लिहिते. जनावरांच्या दवाखान्यात कर्ण्यावरून नावं पुकारली जातात, तो प्रोग्राम तिचाच. कोणता कुत्रा आधी, कोणती मांजर नंतर, याची यादी तो सांभाळतो आणि डॉक्टरबाई मोकळ्या झाल्या की यादीतल्या पहिल्याला आत बोलावतो.

एका दुपारी एकही जनावर आलं नाही. प्रोग्राम सवयीने पहिल्याला शोधायला गेला, पहिला नव्हताच, आणि त्याने जागीच मान टाकली. डॉक्टरबाईंनी फोन केला. "अहो, गर्दीत हा कधी अडला नाही, आणि कोणी नाही म्हटल्यावर आडवा पडला! याला एकटेपणा सोसत नाही का?"

आत्या तडक दवाखान्यात गेली. चूक तिला लगेच कळली. "पहिला आण, एवढंच मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कोणी आहे का ते आधी बघ, हे सांगायचं राहिलं."

पण चष्मा घरीच विसरला होता. तो घेऊन या, असा तिने आतोबांना फोन केला आणि तोवर डोळे बारीक करून तात्पुरता इलाज केला : यादी रिकामी असेल तर एक खोटं नाव घे. कोणतं? बोटांवर आलं ते. बोका.

बोका म्हणजे आतोबा. ते दुधावरची साय गुपचूप फस्त करतात म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. या नावाने हाक आली की गाढ झोपेतूनही उठायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

ते चष्मा घेऊन दारात पाय ठेवतात न ठेवतात तोच कर्णा खणखणला, "बोका, तपासायच्या खोलीत या!"

आतोबा निमूट आत गेले. डॉक्टरबाई पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या.

"बोक्याला काट्यावर ठेवा."

"मीच बोका," आतोबा म्हणाले.

बाई वळल्या. त्यांनी मिशा पाहिल्या, पोट पाहिलं. दुपारभर माशा मारून त्याही कंटाळल्या होत्या. "मग चढा."

आतोबा चढले. काटा मोठ्या कुत्र्यांचा, त्याने काही कुरकुर केली नाही. "वजन फार आहे," बाई म्हणाल्या. "खातो काय?"

"साय," आतोबा खाली मान घालून म्हणाले.

"बंद करा. आणि जंताचं औषध?"

"लहानपणी घेतलं होतं."

तेवढ्यात कर्णा पुन्हा ओरडला, "बोका, तपासायच्या खोलीत या!"

"आलोय की!" आतोबा छताकडे बघून ओरडले.

तिसऱ्या हाकेला आत्या धावत आली. नवरा काट्यावर, डॉक्टरबाई त्याचे दात बघताहेत. "अगं, तू नाव नोंदवलंस तर आधी सांगायचं तरी!" आतोबा दुखावल्या आवाजात म्हणाले. आत्या हसून हसून स्टुलावर कोसळली. चष्मा मागायचंही भान तिला राहिलं नाही.

मग तिने नीट काम केलं. खोटं नाव काढलं. आधी विचार, कोणी आहे का. नसेल तर गप्प बस आणि पाटीवर 'सध्या कोणी नाही' लिही. मग जिथे जिथे पहिला, सगळ्यात मोठा किंवा सरासरी मागितली होती, त्या सगळ्या जागा तिने चाळून काढल्या. आज आलेल्या जनावरांचं सरासरी वय हा आकडाही रिकाम्या दिवशी आपटणारच होता. शून्याने भागणार कसं?

"तिथे शून्य दाखवा की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"शून्य दाखवलं तर लोकांना वाटेल, आज सगळी नुकती जन्मलेली पिल्लंच आली. कोणी नाही आणि शून्य, यात फरक असतो."

"पण मग दवाखान्याच्या मालकांना मी सांगू काय?"

"जे आहे ते. आज कोणी आलं नाही."

बाईंना ते फारसं रुचलं नाही. पण आत्याने तेच लिहिलं, आणि आतोबांना हाताला धरून घरी नेलं.