मामांची तटाभोवतीची फेरी

एका दिवसाच्या सहलीत हरवायला अंगात कर्तबगारी लागते. माझ्यात ती आहे. त्या पुरातन देवनगरीत बस पोचली तेव्हाच मामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, बजावलं होतं, "ऊन उतरायच्या आत याच दरवाज्याशी या. आत गल्ल्या सगळ्या सारख्या आहेत." मी मान डोलावली. मग दर्शन झाल्यावर एका घंटा ओतणाऱ्याच्या दुकानात रमलो आणि बाहेर पडून नेमका शहराच्या दुसऱ्या टोकाचा दरवाजा गाठला. तिथे बस नव्हती. मला टाकून गेले, अशी खात्री करून घेऊन मी पायरीवर बसून स्वतःची मनसोक्त कीव केली.

शेवटी मामाच शोधत आले. दंडाला धरून त्यांनी मला परत नेलं. बसच्या दारापर्यंत दंड काही सोडला नाही.

"आलास?" या सहलीला नेहमी येणारी माझी मावशी म्हणाली. "तुझा डबा मी संपवला."

बाकीची बस माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मामा मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाऊन प्रत्येक चेहरा बघून आले. मग त्यांनी आतले सगळे दिवे लावले आणि बस हमरस्त्याऐवजी शहराच्या तटाच्या बाजूला वळवली.

"मामा, आज फेरी नको," नेहमीच्या प्रवाशांतले एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "या गृहस्थांनी आधीच आपला तास खाल्लाय."

"सरळ घरी चला," मागून दोन-तीन आवाज आले.

मामांनी बस थांबवली. पण ती हमरस्त्याकडे काही वळवेनात.

"कसली फेरी?" मी मावशीला विचारलं.

तिने सांगितलं. तरुणपणी मामा त्यांच्या वडिलांना असंच इथे घेऊन आले होते. निघताना मामांनी समोर बघतच विचारलं, "आले का सगळे?" मागून कुणीतरी म्हणालं, "आले." वडिलांच्या जागेवर त्यांची टोपी होती, जागा धरायला म्हाताऱ्याने स्वतःच ठेवलेली. बस निघाली. अर्ध्या वाटेत ते कळलं, तशी मामांनी बस परत आणली. पण वडील दरवाज्यात नव्हते, देवळात नव्हते, दवाखान्यात नव्हते. कुठेच नव्हते, ते आजतागायत. तेव्हापासून मामा दर खेपेला दिवे लावून तटाभोवती एक फेरी मारतात. बाहेरच्याला बस लांबून दिसावी म्हणून.

"एकही खेप चुकवलेली नाही," मावशी म्हणाली आणि मग आवाज चढवला, "हेडमास्तर, या गाढवासाठी तासभर थांबलात ना? मग आणखी थोडं थांबा."

गाढवाने मान खाली घातली. हेडमास्तर खिडकीकडे वळले. बस हलली.

अंधारून येत होतं. बस बैलगाडीच्या चालीने तटाला लागून सरकत होती. आमच्या खिडक्यांचा उजेड जुन्या दगडांवरून पुढे पुढे जात होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळेच काचेला नाक लावून बाहेर बघायला लागलो. प्रत्येक झुडूप पाठीत वाकलेलं वाटत होतं. एका बंद दरवाज्याशी पायरीवर एक म्हातारा बसला होता. आमचा उजेड पडताच त्याने हात वर केला.

मामांनी ब्रेक दाबला आणि दार उघडलं. हेडमास्तर हळूच उठले आणि आपल्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेऊन बसले.

म्हाताऱ्याने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. उजेड सहन होत नव्हता, एवढंच. तो कुणी दुसराच होता. मामांनी तरीही दार बराच वेळ उघडं ठेवलं.

हमरस्ता लागल्यावर त्यांनी आतले दिवे घालवले. मी पुढे जाऊन त्यांच्या मागच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने धीर करून विचारलं, "मामा, आता वडील नव्वदीच्या पुढे असायचे. समजा, खरंच दिसले एखाद्या दरवाज्यात, तर?"

मामांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"दिसले, तर आधी शिव्या खाईन."