कडीपर्यंतचा सिनेमा

मुंजाजीअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत, कॉलेजच्या ग्रंथालयात, नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन त्याच्या मुलाचा, बालाजीचा होता. "काका, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच..." एवढंच तो बोलला. मी हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला, ते ढिगावर ठेवलं आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. अर्जात कारण म्हणून 'चुलतभावाचे निधन' असं लिहिताना दुःखाच्याही आधी जो विचार मनात आला तो इथे सांगितला पाहिजे, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. मनात आलं, आता अण्णाचा तो सिनेमा बघायचा राहिला, आणि तो माझ्यामुळे राहिला. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मानवतच्या टॉकीजमध्ये तो मशीन चालवायचा. तालुक्यात त्याला नावाने हाक मारणारी माणसं थोडी होती, बाकी सगळ्यांचा तो ऑपरेटर. टॉकीज बंद पडली, तिथं सरकीचं गोदाम झालं, तरी हे नाव त्याला चिकटून राहिलं आणि त्यालाही ते आवडायचं. आमच्याकडे सिनेमाची रिळं यायची ती मोठ्या गावांतून फिरून, झिजून. शो सुरू होण्याआधी अण्णा प्रत्येक रीळ हातावर उलगडायचा, कडेवरून बोट फिरवत फाटलेली भोकं शोधायचा आणि तिथं जोड लावायचा. त्याच्या मशीनवर पट्टी तुटून अंधारात शिट्ट्या वाजल्याचं मला आठवत नाही. त्याला अभिमान असा एवढाच होता. केबिनच्या झरोक्यातून तो पडद्याकडे फारसा बघत नसे. खाली बसलेल्या माणसांची डोकी बघायचा. डोकी हलायला लागली की सिनेमा पडला, म्हणायचा.

जवळजवळ तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मराठी सिनेमा आला. लेक आपल्या मनाने लग्न करते आणि बाप तिला घराबाहेर काढतो, एवढीच गोष्ट. शेवटी लेक दाराशी येऊन उभी राहते, एक शब्द बोलत नाही. आत बाप उठतो, चालत दारापर्यंत येतो, त्याचा हात कडीकडे जातो, कडीवर थांबतो... आणि पडद्यावर 'समाप्त' येतं. मी तो चार वेळा पाहिला. चारही वेळा माणसं उठताना खुर्च्यांचा आवाज झाला नाही. बाहेर वालूरकडे जाणारी मुक्कामी गाडी उभी असायची आणि त्या गाडीत, पुढे कित्येक महिने, एकच भांडण चालायचं. त्याने कडी काढली की नाही? बायका म्हणायच्या काढली असणार. म्हातारे म्हणायचे, हात थांबला तो थांबला. एका कंडक्टरने तर म्हणे निम्मी गाडी 'काढली'वाल्यांची आणि निम्मी 'न्हाई'वाल्यांची अशी बसवली होती. मला लिहायची सवय लागली ती त्या भांडणातून, असं मी आजवर दोन-तीनदा कौतुकाने सांगितलेलं आहे.

या वर्षी त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली. इतक्या वर्षांनी काढलेला दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा निघेल का, यावर जिकडेतिकडे चर्चा सुरू झाली. मी या पुरवणीत अधूनमधून सिनेमाविषयी लिहितो, म्हणून तयारी करावी या हेतूने पहिला भाग मोबाइलवर पुन्हा पाहिला. हात कडीवर थांबला आणि सिनेमा पुढे चालूच राहिला. बापाने कडी काढली. दार उघडलं. लेक उंबऱ्यावर कोसळली, बाप तिच्याजवळ खाली बसला, दोघं रडली. हे सगळं चांगलं चार-साडेचार मिनिटं चाललं. मला आधी वाटलं, मागाहून जोडलं असेल. मग मी अण्णाला फोन लावला.

तो मोठ्याने हसला. "सापडलं का तुला? लय दिवस लागले रं गजू."

"तू कापलं होतंस?"

"मंग काय करू? पहिल्या दिवशी पूर्ण दावला की. तीनचा खेळ सुटायच्या आधीच गाडी लागायची. डायवर भोंगा वाजवायला लागला, कंडक्टर थेट आत येऊन 'वालूर, वालूर' वरडायला लागला. बाप हिकडं कडी काढायलाय अन् निम्मं थेटर उठून पळायलंय. खुर्च्यांच्या खडखडाटात ती बापलेक भेटली. बसलेल्यांना बी उभ्या डोक्यांआड काई दिसलं न्हाई. मी म्हनलं, अशी भेटण्यापरीस भेटूच नका."

दुसऱ्या दिवशी त्याने हात कडीवर थांबतो तिथे पट्टी कापली, शेवटची 'समाप्त'ची पाटी तिला जोडली आणि कापलेला तुकडा डब्यात जपून ठेवला. रिळं पुढच्या गावाला जाताना तो पुन्हा जिथल्या तिथे लावून दिला. त्यामुळे मालकाला कळलं नाही आणि पुढच्या गावालाही कळलं नाही. खेळ चार मिनिटं आधी सुटायचा आणि वालूरची माणसं निवांत चालत गाडीत बसायची.

मी विचारलं, "यावर लिहू का?"

"लिही की. पण आधी दुसरा भाग बघून येऊ, मंग लिही. त्यांनी पुढं काय केलंय ते तर बघू. मी कापलं ते बरं का वाईट, ते तवा कळंल."

पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला परभणीला जायचं, असं आमचं ठरलं. त्याला घ्यायला मी मानवतला जाणार होतो. त्याने नवा सदरा शिवायला टाकल्याचं बालाजीने मला फोनवर सांगितलं. हा सिनेमा त्याला किती हवा होता, ते मला तेव्हा पुरतं कळलेलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पण पुरवणीला लेख त्याच आठवड्यात हवा होता. सिनेमा लागला की सगळेच लिहिणार, मागाहून माझा लेख कोण वाचणार, हा माझा हिशेब. मी रात्रीतून लिहून पाठवला. आपल्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल, काहींनी मला फोनही केले होते. त्यातलं एक वाक्य सर्वांना आवडलं होतं, मलाही. 'दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा ठरेल का, हा प्रश्न मानवतला लागू होत नाही. मानवतने पहिला भाग पाहिलेलाच नाही.' अण्णाचं नाव मी लिहिलं नव्हतं, 'आमचा ऑपरेटर' असं लिहिलं होतं. मानवतमध्ये याचा उपयोग काय होणार होता, हे माझ्यासारख्या माणसाला समजायला हवं होतं.

लेख रविवारी सकाळी छापून आला आणि त्याच दुपारी मी अण्णाला घ्यायला गेलो. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. अण्णाने नवा सदरा घातला होता. लेखाविषयी तो काही बोलला नाही, मला वाटलं त्याने वाचला नसेल. गल्ल्यावरचा माणूस ओरडला, "या ऑपरेटर! चहा पूर्ण देऊ का शेवटचा घोट कापून?" सगळे हसले, अण्णाही हसला. मग कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे काठी टेकत जवळ आले. ते वालूरचे होते. "आमी तीस वर्सं भांडायलोय गाडीत," ते म्हणाले, "अन् उत्तर तुमच्या डब्यात व्हतं व्हय? माझी मंडळी मरेपर्यंत म्हणायली, त्यानं दार उघडलं. मी तिला येडी म्हणायलो." ते रागावलेले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या मागून कुणीतरी विचारलं, "ऑपरेटर, अजून काय काय कापलंय ते बी सांगून टाका. आमी पाहिलेलं खरं किती?"

अण्णाने चहा अर्धा ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, "गजू, गुडघा दुखायलाय. आज नको." मी म्हणालो, लोक चेष्टा करतात, दोन दिवसांत विसरतील. तो म्हणाला, "चेष्टेचं काय न्हाई रं. पण मी इतक्या वर्सांत एकाच सिनेमाला कात्री लावली. आता माझ्या हातची सगळीच रिळं खोटी झाली." थांबून पुन्हा म्हणाला, "बघून आल्यावर लिही म्हनलं व्हतं तुला." आवाज चढला नव्हता. मी त्याला दारापर्यंत सोडलं, आत गेलो नाही, आणि मिळाली त्या गाडीने परत आलो.

पुढच्या रविवारी मी फोन केला तर गुडघा. त्याच्या पुढच्या रविवारी बालाजीच्या सासरचे पाहुणे. तिसऱ्या आठवड्यात परभणीतून सिनेमा निघाला. मी मनात म्हणालो, मोबाइलवर येईलच, तेव्हा घरी बसून दाखवू. माफी मागायचं मी त्या दिवसासाठी राखून ठेवलं. सिनेमा मोबाइलवर यायच्या आठ दिवस आधी अण्णा गेला.

तेराव्यानंतर एका दुपारी घरात कुणी नसताना मी दुसरा भाग पाहिला. तो वाईट निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते. इतक्या वर्षांनी काढलेले असे सिनेमे बहुतेक फसतात. जुन्या प्रसंगांची उजळणी, म्हाताऱ्या नटांचे केस काळे केलेले, मध्ये एखादं जुनं गाणं. तसं काही निघालं असतं तर मी स्वतःला सांगू शकलो असतो की अण्णाचं काही बुडालं नाही, उलट एक मनस्ताप वाचला. पहिली वीस मिनिटं मी चुका शोधत होतो. मग शोधायचं विसरलो. लेक आता पन्नाशीची आहे. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं ती सगळं करते, पण त्या दिवशी दार उघडायला इतका वेळ का लावला, हे तिने त्याला कधी विचारलेलं नाही. दार उघडलं म्हणजे सगळं मिटलं असं होत नाही, एवढंच तो सिनेमा दोन तास सांगत राहतो. पहिल्यापेक्षा तो सरस आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पहिला भाग म्हणून मी कुठला धरायचा, हेच मला नक्की सांगता येत नाही. पण सिनेमा चांगला आहे. अण्णाने तो झरोक्यातून पाहिला असता तर खाली एकही डोकं हललं नसतं.

गेल्या आठवड्यात मानवतला वहिनींना भेटायला गेलो. त्या स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही समोर बसून फोडायला लागलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "भावजी, त्यो सिनेमा बघितला का?"

"बघितला."

"कसा हाय?"

वाईट होता असं सांगणं सोपं होतं. त्यांनाही बरं वाटलं असतं. "चांगला आहे, वहिनी," मी म्हणालो. "अण्णाला आवडला असता. माझ्यामुळं राहिला त्याचा."

"हां," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळंच राहिला." शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. मी पुढची शेंग उचलली.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मी टाकीजात कधी गेले न्हाई. ऑपरेटरच्या बायकोनं पब्लिकमधी बसायचं म्हंजे सासूबाईला आवडायचं न्हाई. पण सिनेमा एक बी चुकला न्हाई माझा. नवा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी जेवताना हे पुरा सांगायचे, हितंच बसून."

मी विचारलं, "तो सुद्धा? कडीवाला?"

"सांगितला की. बाप दार उघडतो, पोर उंबऱ्यावर पडती. मला तवाच ठावं व्हतं. माहेराला वालूरला जाताना गाडीत बाया भांडायच्या, मी गप बसायचे." त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "मला न्हाई कधी कापून सांगितलं."

मग त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसल्या. "सांगा आता दुसरा. सगळा सांगा."

मी सांगायला लागलो. लेक आता पन्नाशीची झालेली असते, बाप अंथरुणाला खिळलेला असतो... वहिनींनी मला तिथेच थांबवलं.

"असं न्हाई, भावजी. असं तर पेपरात लिहित्यात. घर कसलं हाय? ती कुठं बसलीया? लुगडं कंच्या रंगाचं हाय? ते आधी हे सगळं सांगायचे, तवा दिसायचं मला."

मी डोळे मिटून आठवून पाहिलं. लुगडं हिरवं होतं, काठ विटलेले. पहाटेची वेळ, ती चुलीजवळ बसून बापासाठी पाणी तापवत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.